बोटांना न लागणारी गाठ

"यांच्या लिव्हरमध्ये गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे," परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "रिपोर्ट नक्की हिचाच हाय ना?"

डॉक्टर चिडले नाहीत, त्यांनी नाव वाचून दाखवलं. माझी बायको सुभद्रा शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "माझाच हाय. त्यांचा सोभावच तसा हाय, तुमी सांगा."

माझा स्वभाव आहेच तसा. ताडकळसच्या बाजारात शेरडं-मेंढरं विकण्यात माझा जन्म गेला. समोरचा गोड बोलायला लागला की जनावराचे दात पुन्हा बघायचे, हे मी बापाकडून शिकलो.

सुभद्राच्या पोटात उजवीकडे दुखायचं, अन्न जायचं नाही. आम्ही पित्त समजून काढे देत बसलो. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल तर पित्त म्हणून अंगावर काढू नका.

सीटी स्कॅन झाला. मग बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. परभणीच्या डॉक्टरांनी पुढे हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या बाकड्यांवर बसून बसून माझी कंबर धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाई मूळच्या लातूरकडच्या. त्या म्हणाल्या, "जुन्या काविळीने यांचं लिव्हर आधीच थकलंय. कापून गाठ काढणं झेपणार नाही. हिस्टोट्रिप्सी करता येईल. सोनोग्राफीत असतो तोच न ऐकू येणारा आवाज, पण फार जोराचा, बाहेरून नेमका गाठीवर मारतात. तिथे बारीक बुडबुडे उठून फुटतात आणि त्या धक्क्याने कॅन्सरच्या पेशी फाटतात. चिरायचं नाही, जाळायचं नाही. सगळ्यांना हे चालत नाही, यांना चालेल असं वाटतं."

आवाजाने कोणी मरत असतं तर आमच्या वस्तीवर एक माणूस शिल्लक राहिला नसता, असं माझ्या मनात आलं. मी विचारलं, "फुटलेलं आतच राहतंय की मग?"

"शरीर ते हळूहळू जिरवतं," त्या म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. नवं मशीन आणलंय आणि गिऱ्हाईक मिळेना, असाच माझा समज झाला. सुभद्रा मात्र म्हणाली, "सुरी न्हाई ना? मग करा." आणि मी काही बोलायच्या आत तिने सही केली.

भूल देऊन तिला आत नेलं. मी बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. ती बाहेर आली तेव्हा मी पांघरूण जरा सारून पाहिलं. टाका नाही, पट्टी नाही, नुसती कातडी लालसर झालेली. माझं डोकंच फिरलं. माणसाला आत नुसतं झोपवून तसंच बाहेर आणलं आणि आम्हाला येडं समजले, असं वाटलं.

ती शुद्धीवर आली. नर्स जरा बाजूला गेली तशी मी सुभद्राच्या बरगडीखाली बोटं रोवून दाबलं. गाठ आहे का गेली, ते बघायचं होतं. ती अशी ओरडली की नर्स पळत आली आणि मागोमाग डॉक्टरीणबाई.

"काय करताय तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं. आम्ही बोकड खच्ची करतो ते चिमट्याने. कातडी कापत नाही, वरूनच आतली नस दाबून चेचतो. काही दिवसांनी बोटांनी चाचपून बघावं लागतं, कारण एखादा कच्चा राहतो. मी तेच बघत होतो.

सुभद्रा कण्हत म्हणाली, "मग तुमच्या बोकडाला तरी कुठं जखम दिसती वो?"

नर्स तोंड फिरवून हसली. मी खाली बघितलं. जन्मभर जे हाताने केलं तेच मला डोळ्यांसमोर ओळखू आलं नव्हतं, याची लाज वाटली.

तरी मी विचारलंच, "ही गाठ तशी कच्ची राहिली तर?"

"राहू शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून पुन्हा स्कॅन करायचा. बोटांनी मात्र नाही."

माल विकणारा आपल्या तोंडाने खोट सांगत नाही. त्या बाईंवर माझा पहिल्यांदा भरवसा बसला तो इथे.

नंतर तिला ताप आला, दुखलंही, मग उतरलं. घरी आल्यावर ती झोपली की माझा हात तिच्या बरगडीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. मला फार भीती वाटत होती. ती गेली तर मी कुणाशी भांडणार होतो?

पुन्हा हैदराबाद, पुन्हा स्कॅन. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर काळा डाग दाखवला. "इथे आता रक्त जात नाही. गाठ मेलेली दिसते. पण लिव्हर तेच आहे, दुसरीकडे उठू शकते. तपासत राहायचं."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, संशय खुशाल घ्या, पण तोंडाने विचारा.

बाहेर आल्यावर सुभद्राने विचारलं, "आता तरी इस्वास बसला का?"

"न्हाई," मी म्हणालो. "दिवाळी झाली की परत स्कॅन करून बघू."

ती थांबली, माझ्याकडे बघून हसली. "म्हंजी दिवाळीला मी हाय म्हणायचं."