मिस्त्रींचा सा

याकोब मिस्त्री सूर दातांनी घेत. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही क्वायरची माणसं गाण्याच्या तालमीला जमलो, की ते शर्टाच्या खिशातून पोलादाचा दुबोटी चिमटा काढत, गुडघ्यावर टणकन आपटत आणि त्याचा दांडा दातांत धरून डोळे मिटत. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याला नादकाटा म्हणतात, तीच ही वस्तू. क्षणभराने त्यांच्या मिटल्या ओठांतून हुंकार येई. तो आमचा ‘सा’. त्यावरून बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चारी आवाज आपापली जागा घेत आणि गाणं सुरू होई. मिस्त्रींनी दिलेला सा पेटीवर तपासून बघायची पद्धत आमच्यात नव्हती. तसं कुणाच्या मनातही येत नसे.

चिमटा त्यांनी स्वतः घडवलेला होता. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ते चाळीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर उभे राहिले. तिथे जेवणाच्या सुट्टीत एक पट्टी वाकवून, चर्चच्या पेटीतल्या काळी एकच्या स्वराशी जुळेपर्यंत कानशीने घासत त्यांनी तो तयार केला होता. क्वायरमध्ये कुणी ‘सर’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. “सर शाळंत. हितं मिस्त्री म्हणायचं. मी शिकवत न्हाय, बसवतो.”

मी गडहिंग्लजहून नोकरीसाठी कोल्हापुरात आले, तेव्हा चर्चमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. तिसऱ्या रविवारी हा काटक, खुरटी दाढी वाढलेला माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नखांत काळं वंगण होतं.

“गाणं येतंय?”

“नाही.”

“कुठं हाईस नोकरीला?”

“कॉलेजच्या ग्रंथालयात.”

“म्हंजे गप बसाय येतंय. क्वायरमधी निम्मं काम तेच असतंय. शनवारी ये, अल्टोत बस, बायकांच्या खालच्या आवाजात.”

तेव्हापासून माझं नाव ‘लायब्ररी’ पडलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

ते सगळं लेथच्या भाषेत सांगत. लेथवर ज्या पकडीत लोखंडाचा तुकडा आवळून बसवतात तिला चक म्हणतात. मिस्त्री म्हणायचे, “सूर म्हंजे चकात धरलेला जॉब. सुरवातीला केसभर वाकडा बसला, की शेवटपातूर वाकडंच कापतंय. मग वरनं पॉलिश मारून उपेग न्हाय.” कुणी फार जोर लावून गायलं तर म्हणायचे, “बाबा, टूल मोडंल. देव काय बहिरा न्हाय.” आणि गाताना ते आमच्या तोंडाकडे न बघता मानेकडे बघत. आवाज ऐकायच्या आधी मानेत दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

हे मानेकडे बघणं किती वाढलं होतं, ते आमच्या उशिरा लक्षात आलं. एका शनिवारी मेरीचा घसा बसला होता. मेरी आमची सगळ्यात वरच्या आवाजाची मुलगी. तालीम चुकवायला नको म्हणून ती आली आणि रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवत राहिली. गाणं संपल्यावर मिस्त्री तिच्याजवळ गेले. “आज वरचा नी झकास लावलास की,” म्हणाले.

मेरीने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग ती म्हणाली, “थँक यू, मिस्त्री.”

चाळीस वर्षं फाउंड्रीच्या शेजारच्या शेडमध्ये काढलेल्या माणसाचे कान जाणार, हे आम्हाला कळायला हवं होतं. आता कळलं, पण बोललं कुणीच नाही. वरचे आवाज घसरले तर आम्ही आपापसांत सावरून घेऊ लागलो. मिस्त्री माना बघून हात फिरवत, आम्ही त्यांच्या हाताकडे बघून गात असू. अशी दोन वर्षं गेली.

मग निमंत्रण आलं. आमच्या चर्चमधली रूथ ब्रिटनमधल्या वेल्समध्ये नर्स आहे. तिथल्या तिच्या चर्चच्या लोकांनी तिच्या फोनवर आमचं नाताळाचं गाणं ऐकलं आणि चौदाजणांना बोलावलं. डोंगरातल्या तीन गावांत तीन कार्यक्रम, पेटीशिवाय, नुसत्या गळ्यावर, मराठी गाणी चार आवाजांत. आमच्यापैकी बाराजण तोवर विमानात बसले नव्हते.

क्वायरची चिटणीस मी. जायच्या महिनाभर आधी चर्चच्या कमिटीने मला बोलावलं. शमुवेलकाका मधे बसले होते. ते पोस्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी समोर कागद ओढला आणि विचारलं, “मिस्त्रींना ऐकू येतं ना नीट? परदेशाचा मामला आहे. लिहून ठेवावं लागतं. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.”

खरं सांगितलं असतं तर मिस्त्री मागे राहिले असते आणि आम्ही कुणा तरुण माणसाला पुढे उभं करून गेलो असतो. मी म्हणाले, “येतं.” काकांनी ते लिहिलं. बाहेर आल्यावर मी बराच वेळ चपलाच शोधत होते. त्या माझ्यासमोरच होत्या.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत चिमटा सापडला. टोकदार पोलाद, हाताने घडवलेलं. अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून बघितला. मिस्त्रींनी तो त्याच्या हातून घेतला, गुडघ्यावर आपटला आणि सगळ्यांदेखत दातांत धरला. “पावणं, ह्यानं गळा कापत न्हाईत, लावत्यात.” अधिकारी हसला, पण चिमटा त्याने ट्रेमध्ये ठेवून घेतला. मिस्त्री पुढे चालू लागले. मी मागून आले तर म्हणाले, “दुसरा मिळंल. लोखंड काय कोल्हापुरातच हाय व्हय?”

आणि मिळाला. पहिल्या गावातल्या चर्चच्या ऑर्गनवादकाने टेबलाच्या खणातून एक चकचकीत नादकाटा काढून मिस्त्रींच्या हातात ठेवला. मिस्त्रींना फार आनंद झाला. “बघ, फॅक्टरीचा माल,” असं म्हणत त्यांनी त्याच्या कडा मला बोटाने दाखवल्या.

आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही ते असं. जगातल्या बहुतेक नादकाट्यांतून जो स्वर निघतो, तो आमचा सा नव्हे. आमचा सा मिस्त्रींनी पेटीवरून घासून घेतलेला, काळी एकचा. पण मिस्त्रींनी आयुष्यात एकच काटा वापरला होता. काटा म्हणजे सा, एवढंच त्यांना आणि आम्हाला ठाऊक होतं. कान शाबूत असते तर फरक त्यांना ताबडतोब कळला असता. दातांतली थरथर गळा जशीच्या तशी उचलतो; ती नेहमीपेक्षा खाली आहे, हे सांगायला कान लागतात.

दुपारचा कार्यक्रम होता. चर्च भरलं होतं, बहुतेक म्हातारी माणसं. त्या गावाभोवती पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत, आपल्या शाळेतल्या पाटीचा तोच दगड, आणि तिथे सगळी छपरंही त्याचीच. मिस्त्री पुढे आले. काटा गुडघ्यावर आपटला, दातांत धरला, आणि हुंकार दिला.

तो खाली होता. चांगला दोन स्वर खाली. माझ्या शेजारच्या मेरीने तो ऐकून श्वास रोखला. कुणीही एक शब्द बोललं असतं, नुसती मान हलवली असती, तरी गाणं वाचलं असतं. परक्या देशात, परक्या माणसांसमोर, मिस्त्रींचा सा चुकला असं कोण म्हणणार? आम्ही सगळ्यांनी तोच घेतला.

वरच्या बायकांचं कसंबसं निभलं. खालचे चार पुरुष मात्र गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला तळाशी गेले. त्यांच्या हनुवट्या छातीला टेकल्या, माना दुमडल्या आणि तोंडातून स्वराऐवजी नुसता वारा यायला लागला. पहिलं कडवं जमिनीखालून आल्यासारखं वाजत होतं. श्रोते नम्रपणे ऐकत होते. मला कमिटीचा तो कागद दिसत होता.

मिस्त्री त्या हनुवट्यांकडे बघत होते. कडवं संपलं तसा त्यांनी हात वर केला आणि आम्हाला थांबवलं. मग ते लोकांकडे वळले.

“रूथ,” ते मराठीत, खणखणीत आवाजात म्हणाले, “ह्यास्नी सांग. चूक माझी हाय. मला ऐकाय येत न्हाय. सूर मी खाली दिला.”

रूथ गोंधळून उभी राहिली. “मिस्त्री, हे असं सांगू?”

“सांग की. न्हाईतर त्यास्नी वाटंल माझ्या पोरांचं गळंच असलं हाईत.”

तिने सांगितलं. मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा, हातात काठी घेतलेला, बसल्याबसल्या मोठ्याने काहीतरी बोलला आणि मागे सगळीकडे हशा पिकला. मिस्त्रींनी रूथकडे बघितलं.

“ते म्हणतात,” रूथ हसत होती आणि तिचे डोळे भरले होते, “आम्ही खाणीत सुरुंग लावणारी माणसं. पुढच्या तीन रांगांत कुणालाच ऐकू येत नाही. तुम्ही खुशाल गा.”

मिस्त्री त्या म्हाताऱ्याकडे बघून मान हलवत राहिले, वर्कशॉपमधल्या जुन्या जोडीदाराकडे बघावं तसे. मग आमच्याकडे वळले. “लायब्ररी, तू दे.”

“मी?”

“तू गप बसून ऐकत असतीस. तुला ठाऊक हाय आपला सा कुठं हाय.”

मला ठाऊक होता. सव्वीस वर्षं तो दर शनिवारी कानावर पडला होता. मी दिला, आणि मिस्त्रींनी हात उचलला.

आम्ही त्या दिवशी सहा गाणी गायलो. उत्तम गायलो असं म्हणणार नाही, पण मोकळे गायलो. मेरीने वरचा नी लावला तेव्हा मिस्त्रींनी तिच्या मानेकडे बघून भुवया उडवल्या, आणि ती गाता गाता हसली. संपल्यावर चर्चच्या बायकांनी चहा आणि केक मांडले होते. मला इतकी भूक लागली होती की मी केकचे चार तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या स्वयंपाकघरात मिस्त्री टोस्ट चहात बुडवून खात होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि जरा मोठ्याने, तोंड नीट दिसेल असं, कमिटीपुढे काय झालं होतं ते सांगितलं.

“खोटं बोललीस,” ते म्हणाले.

“हो.”

“चर्चच्या कमिटीम्होरं.”

“हो.”

त्यांनी टोस्ट संपवला. “मेरीचा नी लागला म्हटलं त्या दिवशी, तवा तुमची त्वांडं बघितली हुती मी. घरी गेल्यावर उमजलं.”

“मग दोन वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही मला काढलं नसतंच. दया केली असती. ती नगं हुती.”

“आणि काल?”

“काल पोरांचं नाव चाललं हुतं. तितं माझं काय घेऊन बसलीस?” मग बशी पुढे सरकवून म्हणाले, “सुटलो बघ. जड झालतं. चहा हाय का अजून?”

कोल्हापुरात परतल्यावर पहिल्याच रविवारी ते स्वतः कमिटीपुढे गेले. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. कानाचं यंत्र आलं. ते ‘लई खरखर करतंय’ म्हणून आठवड्यातून चार दिवस खिशात असे. पुढची तीन वर्षं सा मी दिला आणि हात त्यांनी फिरवला. कधी माझा सा त्यांना पटला नाही, तर माझ्या मानेकडे बघून बोट वर करत. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असे.

या उन्हाळ्यात ते गेले. छातीत पाणी झालं होतं, दोन आठवडे दवाखान्यात होते. मी रोज जाऊन बसत असे. बोलायचं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे गप्प बसणं सोपं गेलं. शोकाविषयी मी आयुष्यभर पुस्तकांत पुष्कळ वाचलं आहे. जिवंतपणी न बोललेलं मागे राहतं, ते छळतं, असं सगळीच सांगतात. माझ्या वाट्याला ते आलं नाही. एका परक्या गावातल्या दुपारी मिस्त्रींनीच ते मिटवून टाकलं होतं.

दफनविधी झाल्यावर माणसं पांगली. नळावर हात धुताना शमुवेलकाका शेजारी आले. आता ते फार थकले आहेत. म्हणाले, “ताई, तुम्ही त्या वेळी खोटं बोललात हे आम्हाला ठाऊक होतं बरं का.”

मी नळ बंद करायचं विसरले.

“कमिटीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. याकोबाला पाठवायचंच होतं आम्हाला. पण कागदावर कुणीतरी ‘येतं’ म्हणायला पाहिजे होतं. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

“मिस्त्रींना माहीत होतं हे?”

“परतल्यावर तो आला ना आमच्यापुढे, तेव्हा सांगितलं त्याला. हसला की किती. मी म्हटलं, ग्रंथालयाच्या बाईंनाही सांगून टाकू, उगाच मनाला लावून घेतलं असेल. तर नको म्हणाला.”

“का?”

काकांनी रुमाल झटकला. “म्हणाला, ‘तिला सांगू नगा. जल्मात एवढं एकच पाप केलंय बिचारीनं, तेबी तुम्ही काढून घेताय व्हय?’”

मी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले तशी मेरी धावत आली आणि तिने मला धरलं. रडतेय असं तिला वाटलं. मी वाटू दिलं.