काकाजींच्या काठीचा जोड

गळाची काठी कोणी समोर धरली की काकाजी आधी ती कानाशी नेत आणि हलवत. जोड ढिला असला की आत बारीक टकटक होई. मग ते काठीच्या मालकाकडे बघत, डॉक्टर पेशंटकडे बघतो तसे, आणि विचारत, "काय लावलं होतं जी याले?"

मी तेल लावलं होतं. शिवणयंत्राचं.

हसा, पण माझी बाजूही ऐका. जिल्हा फुटला, आमच्या कचेरीतली अर्धी टेबलं गोंदियाला गेली आणि मी भंडाऱ्यातच उरलो. काम अर्धं, पगार पूर्ण. असा माणूस एकतर राजकारण करतो, नाहीतर मासे धरतो. मी दोन तुकड्यांची काठी घेतली. खालच्या तुकड्याला पितळी नळी, वरच्याचं टोक तिच्यात बसवायचं. सहज बसावं म्हणून मी तेल सोडलं. पहिल्याच रविवारी जोरात गळ फेकला आणि वरचा तुकडाही गळाच्या मागोमाग तलावात गेला. एका डोंगेवाल्यानं तो आणून देईपर्यंत मी खालचा तुकडा हातात धरून, जणू काही झालंच नाही, असा बसून होतो.

काकाजी पोट धरून हसले. "अरे बाबू, जोडाले तेल लावाल तं थो थांबन कायले?"

ते आमच्या आळीतले विणकर. कोशाच्या रेशमाच्या साड्या विणण्यात जन्म गेलेला. काठीच्या ढिल्या टोकावर ते कोशाचाच धागा गुंडाळत. वेढ्याला वेढा लागून, पण थर एकच. वरून वार्निशचा पातळ हात. ते सुकेपर्यंत जोडून बघायचं नाही.

मला हे शिकायची हौस आली. मी गुंडाळायचो, ते अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "उकला." मी पुन्हा गुंडाळायचो. "उकला जी. धाग्यावर धागा चढला." दोन वर्षं मी उकलत होतो. बायको म्हणाली, "कचेरीत कोणी एवढं उकलायला लावलं असतं, तर तुम्ही मोर्चा काढला असता."

मग काचबिंदूनं काकाजींची नजर नेली. माग थांबला, उरला फक्त तलाव. मासा बोटांना कळतो, त्याला डोळे लागत नाहीत. सून सकाळी त्यांना पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसवून यायची आणि दुपारी घेऊन यायची. अशात त्यांच्याच काठीचा जोड ढिला झाला.

"आता तुमीच करा बाबू," ते म्हणाले. "मले धागा दिसून नाही राहिला."

त्यांचा तलाव आता माझ्या हातात होता आणि माझे हात कसे आहेत ते मला ठाऊक होतं. ढिला राहू नये म्हणून मी एकावर दुसरा थर चढवला. भीतीपोटी तिसराही. वार्निश लावलं. त्यांनी अंगठा पुढे केला, तर मी घाईनं म्हणालो, "ओलं आहे, काकाजी."

लगेच माझी लाखनीला बदली झाली. रविवारी उभ्याउभ्या भेट व्हायची. विचारलं की म्हणत, "मस्त आहे जी. हलूनच नाही राहिला." मी कचेरीत, सासुरवाडीत, दिसेल त्याला सांगत सुटलो की काकाजींची काठी आपण केली.

ते गेले. तेरवीच्या दिवशी सुनेनं काठी आणून माझ्या हातात दिली. "मामाजी बोलले होते, बाबूले देजो."

मी दोन्ही तुकडे जोडायला गेलो. वरचा नळीत शिरेचना. फिरवला, दाबला. तीन थर कसले शिरतात!

"मग ते मासे कशानं धरत होते?"

"खालच्याच तुकड्यानं. त्यालेच दोरी बांधत. काठावरचे चिल्लर मासे लागत. मी बोलली, उकलून देतो. तं मामाजी नको बोलले. बाबूले समजलं तं थो पुन्हा धाग्याले हात नाही लावन, म्हणे."

म्हणजे इतके महिने तो माणूस अर्ध्या काठीवर बसून होता आणि मी गावभर माझी कारागिरी सांगत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पंगत बसली, कोणीतरी मला हाताला धरून बसवलं. वाढणारा "वडे, वडे" करत पुढ्यात आला आणि पानावर मी लहान पोरासारखा रडलो.