आप्पांची काईल

घरात कुणाला ताप आला तर कपाळाला हात लावायचं काम सासूबाईंचं. आप्पांचा हात लागायचा तो फक्त जीपच्या कॉईलला. बॉनेट उघडायचं, तळहात उलटा करायचा आणि त्या काळ्या डबीला हलकेच टेकवायचा. "बरी हाय आज," असं ते म्हणाले की मगच आम्ही गाडीत बसायचो.

आप्पा म्हणजे माझे सासरे. देवळाली प्रवरेच्या शिवारात ऊस आणि दारात लष्कराच्या लिलावातली पेट्रोलची जीप. मी नवी सून, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बॉनेटपाशी बोलावलं. "ब्याटरीचा जोर शेळीयेवढा, अन् प्लगाला ठिनगी पायजे वाघायेवढी. शेळीचा वाघ करती ती ही काईल." कॉईल त्यांच्या तोंडी कायम 'काईल'च. आणि आमच्याकडे काईल म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची भलीथोरली कढई.

इंजिन बंद आणि किल्ली चालू राहिली तर कॉईल बसल्या जागी जळते, याची त्यांना फार धास्ती. लग्नात ऐन मंगलाष्टकं चालू असताना मांडवातून उठून किल्ली बघून यायचे. कॉईलच्या वायरीची टोकं धोतराच्या सोग्यानं पुसायचे. ते काळे डाग धुताना सासूबाई जीपचा उद्धार करायच्या.

लग्नामुळे माझी मॅट्रिक राहून गेली होती. बाहेरून परीक्षेला बसू का, हे मी भीत भीत आप्पांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. सासूबाईंनी मात्र "एकदाच हं, पुन्यांदा न्हाई," असं बजावलं. शेवटचा पेपर गणिताचा. सकाळी आप्पा मला घेऊन श्रीरामपूरला निघाले आणि घरापासून थोड्याच अंतरावर जीप बंद पडली.

आप्पांनी पाटाच्या पाण्यात पंचा भिजवून कॉईलभोवती गुंडाळला. "तापलीया. दम धर. लगीच किल्ली मारू नगं." गार झाल्यावर गाडी सुरू झाली, फर्लांगभर गेली आणि पुन्हा बंद. मला रडू फुटलं. तेवढ्यात दूधवाला सायकलवरून आला. नवी कॉईल घरी खुंटीला टांगलेली होती. आप्पांनी त्याला परत पिटाळलं, "घरी सांग, दुसरी काईल द्या म्हनावं. लई नड हाय."

बऱ्याच वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. मागच्या ट्रॉलीत आमची गुऱ्हाळाची दुसरी काईल, लख्ख घासलेली!

"बाईंनी चिंच लावून घासून दिलीया," आमचा गडी शिवा अभिमानानं म्हणाला.

आप्पा त्या कढईकडे बघतच राहिले. मग असे हसले की त्यांना जीपचा आधार घ्यावा लागला. "सूनबाई, डबी आली असती तर मला बसवाया येळ लागला आस्ता. ही तर तुला बसवूनच नेती. चढ!"

ट्रॉली शेणखतानं माखलेली, म्हणून मी खरोखरच काईलीत बसले. मांडीवर गणिताचं पुस्तक. आप्पा शेजारी उभे राहून रस्ताभर ओरडत होते, "शिवा, खड्डा! पोरगी इसरंल समदं!" पेपरच्या घंटेला मी बाकावर होते. पास झाले, पुढे मास्तरीण झाले, निवृत्तीपर्यंत शिकवलं. सासूबाईंना आप्पा त्या काईलीच्या घोळावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. उलट पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या हिनं काईल धाडली म्हनून सून मास्तरीन झाली." सासूबाई लाजून आत जायच्या. माझ्या आयुष्याचं सगळं भलं त्या दोघांनी केलं, असं मला वाटतं.

शेवटच्या दुखण्यात आप्पा तापानं फणफणले होते. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. मी आप्पांचाच पंचा भिजवून कपाळावर ठेवत होते. डोळे न उघडता ते म्हणाले, "सूनबाई, काईल जुनी झालीया. आता दुसरी मागवू नगं."

मी पंचा पिळून पुन्हा ठेवला. ओठांच्या कोपऱ्यात हसत ते म्हणाले, "ट्रॅक्टर भरून यील."

दुपारभर मी पंचा भिजवत राहिले. दिवेलागणीला त्यांच्यासारखाच तळहात उलटा करून कपाळाला टेकवला. गार होतं.