सासूबाईंचं बीजगणित

इस्पितळाच्या धुलाई विभागात जन्म घालवलेल्या मावशींना दहावीचा तसा काही उपयोग नव्हता. निवृत्ती तोंडावर आली होती. पण सुनेला नर्सिंग सहायक व्हायचं होतं, त्यासाठी मोठ्या माणसांसाठी असते ती दहावीची परीक्षा द्यायची होती, आणि संध्याकाळी गणिताच्या वर्गाला एकटीने जायला तिला संकोच वाटत होता. म्हणून मावशी सोबत गेल्या, असं त्यांनी घरात सांगितलं. सातवीत असताना धाकट्या भावंडांसाठी त्यांना घरी बसवलं होतं. तेव्हापासून शाळा दिसली की त्या रस्त्याची दुसरी बाजू धरत, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरे. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज बारीक, पण नजर अशी की आलेली जांभई माणूस गिळून टाकी. एक रखवालदार गणवेशातच येई आणि फळ्यावर अपूर्णांक दिसले की टोपी काढून ठेवी. सुनेचं डोकं तल्लख. मावशींचं तसं नव्हतं, पण पाठांतरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चादरींना इस्त्री करता करता त्या पुटपुटत राहायच्या, एक्स या बाजूला, आकडे त्या बाजूला, चिन्ह बदल.

सून चांगल्या गुणांनी पास झाली. सोबत म्हणून मावशींनीही परीक्षेचा अर्ज भरला होता; त्या बाकी विषयांत निघाल्या, गणितात आपटल्या.

मुलगा म्हणाला, जाऊ दे आई, तुला आता कुठे नोकरी शोधायचीय. नापास होण्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं. सुनेने समजूत वगैरे घातली नाही. दुपारची आवराआवर झाल्यावर ती कागद घेऊन बसली आणि पेपरात नेमकं काय झालं ते विचारलं.

मावशी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक्सशी माझी ओळख झाली होती. पेपरात एम आला. हा कोण, मला कळेचना."

सून हसली नाही. हसली असती तर गणित तिथेच संपलं असतं.

"आई, मी तुम्हाला आई म्हणते. कामावर मावशी म्हणतात, तुमचे भाऊ ताई म्हणतात. मामंजी तर नुसतं 'अगं' म्हणायचे. म्हणून बाई बदलते का?"

मावशींचा हात थांबला. "म्हणजे एम हा एक्सच?"

"जो शोधायचाय तो. नाव काही का असेना."

त्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. चूक झाली की सून बोट ठेवत नसे, तुम्हीच शोधा म्हणे. मावशी चिडून कागद ढकलत, चहा घेत आणि आपल्या पायांनी परत येऊन बसत. असंच एकदा चूक शोधताना त्यांच्या मनात आलं, की आपण हिला असं कधी शोधू दिलं नाही. शिवण तिरकी गेली की कापड हातातून ओढून घ्यायचं आणि स्वतः टीप घालून मोकळं व्हायचं, हीच आपली रीत. त्यानंतर सून पडद्याला टीप घालत असली की त्या उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. ते त्यांना गणितापेक्षा जड गेलं.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसल्या तेव्हा पर्यवेक्षकांनी हजेरीला त्यांचं पूर्ण नाव पुकारलं. ते आपलंच, हे कळायला मावशींना क्षणभर लागलं. मग त्या उभ्या राहिल्या, जरा जास्तच ताठ.

निकाल लागला तेव्हा त्या कामावर होत्या. सोबतच्या बाईने फोनवर बघून सांगितलं, काठावर का होईना, पास. मावशींनी हातातली चादर नीट घडी करून ठेवली आणि इस्त्रीने अजून गरम असलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून रडल्या. सून तेव्हा प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेली होती. संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा दोघींना फारसं बोलता आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, तरी फोन ठेवायला कुणी तयार नव्हतं.