राजपुत्राची हनुवटी

डिचोलीच्या एका त्वचेच्या दवाखान्यात मी मानेवरच्या सैल कातडीवर उपाय विचारायला गेले होते. शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. बोलताना ते हनुवटी रंगमंचावरच्यासारखी उंच धरत आणि खालचा लोंबता गळा बोटांनी मागे ओढून पाहत.

"बाय, गावच्या जत्रेच्या नाटकात तरुणपणापासून राजपुत्र मीच," ते म्हणाले. "यंदा तालमीत पोरं विचारतात, राजपुत्राक दोन हनुवट्या कशाक?"

त्यांचा नंबर लागला. बाहेर आले ते हसतच.

"इंजेक्शनानं चरबी उतरते, पण त्याला वेळ लागतो आणि आधी सूज येते. लोंबती कातडी हवी तशी आवळायची तर ऑपरेशनच. जत्रा तर तोंडावर आली!"

"मग राजपुत्र कोण?"

"पुतण्याला दिला. मी आता राजगुरू. दाढी हातभर, आणि भाषणं राजपुत्राहून लांब!"

तिथेच त्यांनी राजगुरूचं पहिलं वाक्य खड्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळा दवाखाना वळून बघू लागला.

मला दाढीची सोय नव्हती. तरी माझं नाव पुकारलं तेव्हा हनुवटी त्यांच्यासारखी उंच धरूनच मी आत गेले.