पढवलेलं उत्तर

चूक माझीच. घटस्फोटाच्या खटल्यात न्यायाधीशबाई आमच्या आठ वर्षांच्या मीराशी एकटीशी बोलणार होत्या. "मला बाबांकडेच राहायचंय," हे वाक्य मी तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. ते पढवलेलं आहे हे बाईंनी ओळखलं आणि ताबा मीराच्या आईला मिळाला.

काल रविवारच्या भेटीत रसवंतीवाल्याने तिला विचारलं, "ताई, बर्फ घालू?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, काय सांगू?"

"बर्फालाही बाबांची परवानगी?" तो हसला.

भेटीचे वार कोर्टाने ठरवून दिले. पण मुलीच्या तोंडचं तिचं स्वतःचं उत्तर मी काढून घेतलं, ते परत द्यायला कुठे अर्ज करायचा, मला कळेना. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"मीरा, कोर्टातल्या बाईंना काय सांगायचं ते मी तुला पढवायला नको होतं. माझं चुकलं गं. मला माफ कर."