दोघींनी तपासलेले ऐंशी पेपर

उज्वला पांडागळे नांदेडच्या मन्याड विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायच्या. सत्तावीस वर्षं झाली होती. त्यांच्या हातची सरासरी म्हणजे शंभरात साठ, फार तर पासष्ट, म्हणजे दहात साडेसहा. पंचाहत्तरीपुढं क्वचित कुणी जायचं. पोरं माघारी त्यांना 'साडेसहा मॅडम' म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं वाईट वाटायचं नाही. आपला साडेसहावाला दुसरीकडच्या नऊवाल्याला भारी पडतो, हे त्यांनी मनाशी इतकं पक्कं धरलं होतं, की ते कधी तपासून बघावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

मूळ गाव मुखेड तालुक्यात. दोन धाकट्या बहिणींची लग्नं झाली, मग वडील अंथरुणाला खिळले, आणि त्यात उज्वलाचं लग्न मागं पडलं ते पडलंच. भाऊ भागवत गावी शेती बघायचा. सणासुदीला या म्हणायचा, त्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. तरोडा नाक्याजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट होता. स्टाफरूममध्ये त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं, पण निकालाच्या दिवसांत त्या आत आल्या की बोलणं थोडं हळू व्हायचं. कुणी सढळ हातानं गुण दिले की मॅडम विचारतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

मनातलं बोलावं असं एकच माणूस होतं, शांतम्मा मठपती. देगलूरकडची. तेव्हाच्या औरंगाबादला एम.एस्सी. करताना दोघी हॉस्टेलच्या एका खोलीत राहिल्या होत्या. शांतम्मा लग्न होऊन लातूरला गेली आणि तिथल्या कृष्णाई विद्यापीठात हाच विषय शिकवू लागली. दर रविवारी सकाळी दोघींचा फोन व्हायचा. गुडघे, सून, वर्गातली पोरं, भाजीचे भाव, काहीही चालायचं. तेवढा एक तास सोडला तर सुट्टीच्या दिवशी उज्वलाताईंच्या तोंडून शब्द निघायचं कारण नसायचं.

दोन्ही विद्यापीठं खासगी आणि दोघांची चढाओढ जुनी. तीन वर्षांपासून नांदेडचे प्रवेश घटत चालले होते. कंधार-लोह्याकडची पोरंसुद्धा लातूरची गाडी धरायला लागली. कृष्णाई विद्यापीठानं नांदेडच्या बसस्टँडसमोरच फलक लावला होता: आमच्या विद्यार्थ्यांचा सरासरी सीजीपीए ८.४१. मन्याडचा होता ६.७.

कुलगुरू अमृतराव वडजे यांनी मॅडमना बोलावून घेतलं. लातूरवाले गुणांची खैरात करतात हे सगळं जग म्हणतंय, पण आकड्यांनी दाखवणारं कुणी पाहिजे, असं ते म्हणाले. दोन्हीकडची सरासरी आणि दोन्हीकडचा दर्जा यांचा अभ्यास करून अहवाल द्या. मॅडमनी लगेच होकार दिला. आपण आयुष्यभर जे म्हणत आलो ते कुणीतरी कागदावर मागतंय, याचा त्यांना आनंद झाला होता.

पण नुसत्या सरासऱ्या शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? पेपर वेगळा, तपासणारा वेगळा. एकच प्रश्नपत्रिका दोन्हीकडच्या पोरांनी सोडवायला हवी आणि सगळेच्या सगळे पेपर दोन्हीकडच्या एकेका प्राध्यापकानं तपासायला हवेत. रविवारी त्यांनी शांतम्माला सगळं सांगितलं. पेपर कोण कोण तपासणार ते तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, की विभागप्रमुखांना तोंडी विचारून अंतर्गत चाचणी म्हणून घेता येईल, पण तिचं नाव कुठंच यायला नको. उज्वलाताईंनी शब्द दिला.

सप्टेंबरात एकाच दिवशी दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या चाळीस-चाळीस पोरांनी तो पेपर दिला. नावं काढून टाकली, वर नुसते नंबर टाकले, ऐंशीच्या ऐंशी पेपर एकत्र मिसळले आणि त्यांच्या झेरॉक्सचे दोन गठ्ठे केले. दिवाळीच्या सुट्टीत उज्वलाताई एक गठ्ठा पिशवीत घालून एसटीनं लातूरला गेल्या. दुसरा त्यांनी आधीच पाठवला होता.

शांतम्माच्या घरी त्या तीन दिवस राहिल्या. घरामागं डाळमिल होती, दुपारभर तिची घरघर चालायची आणि खिडकीच्या कठड्यावर तुरीचा पिवळा भुसा बसायचा. शांतम्माचे यजमान मडिवाळप्पा एसटीतून निवृत्त झालेले. दोघींना चहा करून द्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोघी, मध्ये पेपर. एकमेकींचे गुण बघायचे नाहीत असं ठरलं होतं. मध्येच एखादं अफलातून उत्तर सापडलं की शांतम्मा मोठ्यानं वाचायची आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. इतकं हसून उज्वलाताईंना किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिसऱ्या दिवशी पेपर संपत आले तेव्हा त्यांचा हात आपोआप सावकाश चालायला लागला.

मग नंबर जुळवून बेरजा झाल्या. उज्वलाताईंनी नांदेडच्या पोरांना सरासरी चौसष्ट दिले होते आणि लातूरच्या पोरांना पासष्ट. शांतम्मानं नांदेडला ब्याऐंशी दिले होते, लातूरला त्र्याऐंशी.

उज्वलाताईंनी पुन्हा बेरीज केली. तीच आली. पोरांमध्ये काही फरक नव्हता. फरक होता तो तपासणाऱ्या हातात.

शांतम्मा आधी हसली. समोरचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

"माझं बी काही बरोबर नाही, उज्वला," ती म्हणाली. "माझी आठवाली पोरं पुण्यात मुलाखतीला जातात अन् साध्या प्रश्नाला गप बसून येतात. मला माहीत हाय ते. पण निदान दारातून आत तरी जातात गं."

दारातून आत, हे शब्द ऐकले आणि उज्वलाताईंना तनुजा आठवली. किनवटकडची, आश्रमशाळेत शिकून आलेली मुलगी. चार वर्षांमागं पास झाली. सीजीपीए ६.९४. पुण्यातल्या एका कंपनीत जागा होती, पण सातच्या खाली असलं तर अर्जच भरता येत नव्हता. मॅडम, माझा शेवटचा पेपर एकदा परत बघता का, एवढंच विचारायला ती केबिनमध्ये आली होती. मॅडमनी तिला, एकदा दिलेले गुण बदलत नसतात, असं सांगितलं होतं आणि त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला होता. त्यांनी हे शांतम्माला सांगितलं. शांतम्मानं टेबलावरचे पेपर गोळा केले. उठून तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

अहवाल त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला. दोन्हीकडची मुलं सारखीच आहेत, लातूरचे गुण जरुरीपेक्षा सैल आणि नांदेडचे जरुरीपेक्षा आवळ आहेत, आणि दोन्ही सरासऱ्यांवरून दर्जाचं काहीच कळत नाही. आपणच आवळ तपासतो हेही त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं. शांतम्माचं नाव कुठंच घातलं नाही. मात्र पद्धत सांगायची म्हणून एक वाक्य लिहिलं: दुसऱ्या विद्यापीठातील याच विषयाच्या एका अनुभवी प्राध्यापिकेनं सर्व पेपर स्वतंत्रपणे तपासले. पद्धत लपवली तर अहवालाला अर्थ राहत नाही, असा त्यांचा विचार होता.

कुलगुरूंनी त्यातला अर्धाच भाग एका स्थानिक दैनिकाला दिला. लातूरच्या विद्यापीठात गुणांची खैरात, त्यांच्याच प्राध्यापिकेच्या तपासणीतून उघड, असा मथळा आला. नांदेडच्या आवळ हाताबद्दल एक ओळही नव्हती. मॅडमनी कुलगुरूंकडे जाऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, की सगळं छापायला पेपरात जागा कुठं असते.

लातूरला संख्याशास्त्र शिकवणारी अनुभवी बाई एकच होती. शांतम्माला कारणे दाखवा नोटीस निघाली. तोंडी परवानगी देणारे विभागप्रमुख आपल्याला काही माहीत नसल्याचं सांगून मोकळे झाले. तिच्याकडून परीक्षेची सगळी कामं काढून घेतली आणि निवृत्तीला वर्षच राहिलं असताना तिला विद्यापीठाच्या निलंग्याच्या केंद्रात पाठवलं. रोज जाऊन येऊन चार तासांचा प्रवास. हे सगळं उज्वलाताईंना दुसऱ्याकडून कळलं, कारण शांतम्मा फोन उचलत नव्हती. त्यांनी लातूरच्या विद्यापीठाला दोनदा पत्र लिहिलं, की चूक आपली आहे, त्या बाईंची नाही. उत्तर आलं नाही.

जानेवारीत त्या न कळवताच लातूरला गेल्या. मडिवाळप्पांनी दार उघडलं, या म्हणाले, पाणी दिलं. शांतम्मा समोर येऊन बसली. निलंग्याहून नुकतीच परतली होती, पायावर धूळ होती. उज्वलाताईंनी माफी मागितली. ते एक वाक्य लिहायला नको होतं, हेही म्हणाल्या.

"मी रागावले न्हाई," शांतम्मा म्हणाली. "तू काही खोटं लिहिलं न्हाईस, ते मला कळतं. पण लिहिताना तुला आधी तुझा अहवाल दिसला, मी नंतर. आता तुझ्याशी बोलताना एकेक शब्द मोजावा लागंल मला. तसं बोलणं मला जमायचं न्हाई, उज्वला."

 चहा झाला. मडिवाळप्पा त्यांना स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत थांबले. 

इकडं मन्याड विद्यापीठात, अहवालातला न छापलेला भाग हाताशी धरून, तोंडी फर्मान निघालं, की कुठल्याच विषयाची सरासरी आठच्या खाली येता कामा नये. मॅडमपुढं निवृत्तीआधीचा शेवटचा गठ्ठा आला. पूर्वी असतं तर त्या भांडल्या असत्या. आता भांडायला पाय ठेवायला जागा राहिली नव्हती, कारण जुना हात बरोबर होता असंही त्यांना म्हणता येईना. त्यांनी प्रत्येक पेपर दोनदा वाचला. ज्याला जितकं येतंय तितकं धरलं, नुसती पायरी चुकली म्हणून गुण कापले नाहीत, आणि शेवटच्या पानावर काय जमलं नि काय जमलं नाही ते दोन-तीन ओळींत लिहिलं. सरासरी बाहत्तर आली. परीक्षा विभागानं ती परस्पर ऐंशीवर नेली. त्या दोन-तीन ओळी वाचायला कुणी पोरगं पेपर बघायला आलं का, म्हणून त्यांनी एकदा चौकशी केली. कुणी आलं नव्हतं.

निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ झालं. कुलगुरू भाषणात म्हणाले, की आज आपली सरासरी ८.३ आहे, प्रवेश पुन्हा वाढलेत, आणि या बदलाची सुरुवात पांडागळे मॅडमच्या अहवालानं झाली. टाळ्या वाजल्या. मॅडमना बोलायला सांगितलं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसल्या.

आठ दिवसांनी त्या रेल्वेनं किनवटला गेल्या. तनुजा आता तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होती. मॅडमना बघून ती गोंधळली, घाईघाईनं खुर्ची पुसली. मॅडमनी प्रवासात मनाशी जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि त्या सरळ म्हणाल्या, "तुझा तो पेपर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता, तर तुला आठ मिळाले असते. मी आवळ तपासत होते. तू बघा म्हणालीस, मी बघितलं नाही."

तनुजानं त्यांच्याकडं बघितलं. बाहेर मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या.

"हे सांगायला एवढ्या लांब आलात, मॅडम?"

"हाव."

"मी कवाच सोडून दिलं होतं ते," तनुजा म्हणाली. थोडं थांबून पुढं बोलली, "पहिलं वर्षभर मात्र लई वाटायचं, की आपल्यालाच काही येत न्हाई. बाकीचं जाऊ द्या. तेवढं तरी नसतं वाटलं तर बरं झालं असतं."

मॅडमनी मान हलवली. तनुजानं जेवून जा म्हटलं. त्या मुलींच्या पंगतीत जेवल्या. वरण पातळ होतं, भात गरम होता. शेजारच्या मुलीनं तुम्ही कोणाच्या आजी म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, कुणाची नाही, तुमच्या मॅडमला शिकवायला होते. मुलीला ते खरं वाटलं नाही.

तनुजाला वसतिगृह सोडून निघता येत नव्हतं, म्हणून स्टेशनवर त्या एकट्याच आल्या. दुपारची गाडी वेळेवर आली. डबा जवळजवळ रिकामा होता. हिमायतनगरला चार माणसं चढली आणि आपसात बोलत पुढच्या बाकांवर जाऊन बसली. भोकर मागं पडलं तरी मॅडमच्या समोरच्या बाकावर कुणी आलं नव्हतं.